मला मत देऊ नका

सोमवार, ३ तारीख

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सामना बघताना ओरडायचं नाही. रक्तदाब वाढतो. ओरडावंसं वाटलं की वहीत लिहायचं. म्हटलं, बाई, मी चौथी पास. माझं लिहून होईतो सामना संपलेला असेल. त्या म्हणाल्या, तेच तर हवंय. शिकलेली माणसं एका वाक्यात आपलं तोंड बंद करतात आणि वर फी घेतात.

वही मुलीने आणून दिली. ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर असते. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणायचं आणि घरी येऊन आईला मिटायला सांगायचं.

माझी लाँड्री. दुकान मैदानाच्या कुंपणाला चिकटून आहे, मागची खिडकी उघडली की समोर गोलपोस्ट. सव्वीस वर्षं क्लबच्या जर्सी मीच धुते. सामना न बघतासुद्धा मी सांगते कोण कसा खेळला. गवताचा डाग गुडघ्यावर असेल तर पोरगा बॉलवर झेपावला. मागे असेल तर कुणीतरी पाडला. आणि चड्डी स्वच्छ परत आली तर त्याने नव्वद मिनिटं फक्त केस सांभाळले. आमच्या सात नंबरची चड्डी मी नुसती झटकून घडी घालते.

शनिवार, ८ तारीख

हरलो. तीन-एक. आमचा लेफ्ट बॅक इतका मागे राहिला की आणखी चार पावलं सरकला असता तर माझ्या दुकानात आला असता. वही घरी राहिली होती, म्हणून ओरडले. नियम मोडला असं नाही, सोय नव्हती.

मास्तर मागे वळले. मास्तर म्हणजे क्लबचे कोच, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही कपडे धुवा. डावपेच माझ्यावर सोडा."

लोक हसले. सात नंबरसुद्धा हसला. त्याला तर हसायचा हक्कच नाही.

मला काही वाटलं नाही. घरी आल्यावर दोन कप फुटले, ते ओल्या हातातून निसटले म्हणून.

मंगळवार, ११ तारीख

बातमी पेपरात यायच्या आधी माझ्या काउंटरवर येते. कपडे टाकायला आलेला माणूस मनातलंही टाकून जातो. तर मैदानावर तीन मजली क्रीडा संकुल होणार. खालच्या मजल्यावर दुकानं, वरच्या मजल्यावर दुकानं आणि मधल्या मजल्यावर टेबल टेनिसचं एक टेबल. खेळाचा विकास करायचा म्हणून खेळायची जागाच काढून घ्यायची. असं सुचायला डोकं लागतं.

हे डोकं आमच्या नगरसेवकांचं. त्यांचे शर्ट माझ्याकडे येतात. कॉलर पत्र्यासारखी लागते, खळ दुप्पट. म्हणून वहीपुरतं त्यांचं नाव कडक. त्यांनी आतापर्यंत तीन पक्ष बदलले. खेळाडू क्लब बदलतो तेव्हा निदान जर्सी तरी बदलतो. यांचा तोच पांढरा शर्ट, तीच कॉलर.

महिनाअखेर निवडणूक आहे. कडक सभेत म्हणाले, मैदानातल्या गवताच्या पात्यालाही मी हात लावणार नाही. खरंच आहे. हात कशाला लावतील? यंत्र लावतील.

त्यांच्याविरुद्ध मास्तर उभे राहणार, मैदान वाचवायला. संध्याकाळी सगळे कुंपणापाशी जमून त्यांच्या पाठीवर थापा मारत होते. मी खिडकीतून बघत होते. सव्वीस वर्षं त्याच कुंपणाला पाठ लावून मी उभी, पण मैदान म्हणे मास्तरांचं. मला हाक मारली असती तर मी गेले नसतेच, पण मारायला काय झालं होतं?

शुक्रवार, १४ तारीख

कडकांचे शर्ट न्यायला एक माणूस येतो. सतत हसत असतो. छत्री विसरली तरी हसतो, बटण तुटलं तरी हसतो. आज शर्ट घेऊन झाले तरी जाईना.

"ताई, मी साहेबांचं काम सोडलं. मन रमेना."

"मग हे शर्ट?"

"ते तेवढे नेतो. माणुसकी म्हणून."

माणूस चांगला वाटला. नोकरी सोडली तरी शर्ट सोडले नाहीत. हल्ली एवढंही कोण करतं?

"ताई, या मैदानाचा खरा आवाज कोणाचा?"

"माझा. पण डॉक्टरीणबाईंनी बंद केलाय."

"तुम्ही उभ्या राहा निवडणुकीला."

मी इस्त्री बाजूला ठेवली. "आणि मास्तर?"

"तेही राहू देत की. मैदानासाठी एकाऐवजी दोघं लढले, तर ताकद दुप्पट."

हिशेब मला पटला. चौथीपर्यंत गणितात मी बरी होते.

जाता जाता म्हणाला, "तसंही मास्तरांना कुठे तुमची किंमत आहे? त्या दिवशी भर मैदानात जे बोलले ते सगळ्या वॉर्डाने ऐकलंय."

म्हटलं, मला ते आठवतही नाही. शनिवारी, पाच वाजून दहा मिनिटांनी, कॉर्नरच्या झेंड्याजवळ. कोण लक्षात ठेवतं असलं?

रविवार, १६ तारीख

अर्ज भरला. हसऱ्याने सगळं लिहून आणलं होतं, मी सही केली. अनामत आणि पत्रकं एक हितचिंतक बघणार आहे. आपलं नाव कुणाला कळू नये अशी त्याची अट आहे. जगात इतका निरिच्छ माणूस असतो हे मला माहीत नव्हतं.

आमच्या ह्यांनी अर्ज तीनदा वाचला. हे तीस वर्षं एका कचेरीत लिफ्टवर होते. 'वर' आणि 'खाली' एवढंच बोलायची सवय, निवृत्त झाल्यावर तेही बंद झालं. आज बोलले.

"त्यांना तूच का हवी?"

"मला आवाज आहे म्हणून."

"अगं, हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत तुला."

"तीस वर्षं सगळ्या जगाला वर चढवलंत. मी एकदा चढले तर बिघडलं कुठे?"

ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पान उलटं होतं. नवऱ्यांना बायकोचं मोठेपण सोसत नाही, हे टीव्हीवरसुद्धा सांगतात.

मंगळवार, १८ तारीख

मास्तरांची बायको चादरी घेऊन आली. चादरी धुतलेल्याच होत्या, मी हात लावताच ओळखलं. पण काउंटरवर ठेवल्यावर नाही कसं म्हणायचं?

"हे विचारत होते, एकदा बसून बोलायचं का? अजून उद्यापर्यंत वेळ आहे म्हणे."

"कशाला वेळ आहे?"

"दोघांपैकी एकाने..." ती थांबली. "तुम्ही या ना घरी. नाहीतर हे इथे येतील."

म्हटलं, मी कपडे धुणारी बाई. डावपेच मला काय कळतात? त्यांना म्हणावं, शुक्रवारी चादरी तयार मिळतील.

ती गेली. आधीच स्वच्छ असलेल्या चादरी मी पुन्हा धुतल्या. फार घासल्या.

बुधवार, १९ तारीख

आज तीन वाजेपर्यंत नाव मागे घ्यायची मुदत होती. हसरा सकाळी दहापासून दुकानात येऊन बसला. चार चहा प्याला. सारखा घड्याळाकडे बघायचा. एकदा मी उठून दाराकडे निघाले तर ताडकन उभा राहिला. "कुठे ताई?" म्हटलं, पाणी आलंय, बादली लावते. तीन वाजले तसा त्याने असा सुस्कारा सोडला की माझ्यापेक्षा त्यालाच माझी काळजी. असे कार्यकर्ते हवेत. आमचा गोलकीपर पेनल्टीलासुद्धा एवढा सावध नसतो.

चिन्ह मागितलं होतं फुटबॉल. मिळाली इस्त्री. असो. बाकीच्यांच्या चिन्हांपेक्षा आपलं चिन्ह निदान कामाचं आहे.

शुक्रवार, २१ तारीख

प्रचार. गाडीवर भोंगा, भोंग्यात माझा आवाज, आधीच टेप करून घेतलेला. "मैदान वाचवा, इस्त्रीला मत द्या." स्वतःचा आवाज रस्त्यातून येताना ऐकला की अंगावर काटा येतो. आजवर या आवाजाला लोक गप्प बस म्हणत होते, आता खिडक्या उघडून ऐकतात.

बेकरीची गल्ली झाली, टाकीमागची वस्ती झाली, शाळेमागच्या चाळी झाल्या. सगळी आपलीच माणसं, दर शनिवारी मैदानात भेटणारी. सगळे म्हणाले, मत तुम्हालाच. एक बाई जरा घुटमळली. म्हणाली, मास्तरांना शब्द दिलाय. हसरा तिच्याशी दोन मिनिटं गोड बोलला. झालं, आलीच आपल्याकडे.

मी विचारलं, बँकेपलीकडच्या मोठ्या इमारतींकडे कधी जायचं? ती सगळी कडकांची मतं. तिथून चार ओढली तर मजा. हसरा म्हणाला, "तिकडे नको ताई. तिकडची माणसं बिझी असतात."

मतदानाच्या दिवशी मोकळी असतील म्हणजे झालं.

शनिवार, २२ तारीख

आज सामना पलीकडच्या गावाशी. त्यांनी एक नवा माणूस आणला होता, उंच, खांद्याने रुंद. पहिल्या मिनिटापासून आमच्या दहा नंबरच्या पायात. बॉल कुठेही असो, हा आपला दहा नंबरसमोर उभा. बॉल पायाशी आला तरी मारेना. तो गोल करायला आलाच नव्हता. आमच्या माणसाला करू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम.

मी ओरडले, "अरे, हा खेळायला आला नाहीये! रेफरी, याला बाहेर काढ! हा नुसता आडवा यायला..."

आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

शेजारी मुलगी होती. म्हणाली, "काय झालं आई? छातीत दुखतंय का?"

म्हटलं, नाही. बेकरीची गल्ली, टाकीमागची वस्ती, शाळेमागच्या चाळी. ही मतं कोणाची?

"मास्तरांची," मुलगी म्हणाली. पटकन म्हणाली. जणू आठ दिवस ओठांवर धरून ठेवलं होतं.

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते. दोनदा. तू म्हणालीस, दात मोजायचं काम कर."

तसं म्हणाले असेन. सामना शून्य-शून्य सुटला. त्यांनी तो उंच माणूस खांद्यावर घेतला.

सोमवार, २४ तारीख

हसरा शर्ट न्यायला आला. म्हटलं, चल, आत्ता गाडी काढ, बँकेपलीकडे जाऊ.

"तिकडे नको ताई."

"का?"

"नको म्हणजे नको."

"बरं. मग मी नाव मागे घेते."

तो हसला. पहिल्यांदा मला त्याचे दात नीट दिसले. "मुदत बुधवारी तीनला संपली ताई. मी होतो ना इथेच." मग शर्ट उचलले आणि म्हणाला, "परवा कॉलरला खळ कमी पडली. साहेब बोलले."

काम सोडलेल्या माणसाला साहेब बोलले.

मी काही फेकलं नाही. इस्त्री गरम होती आणि समोर गिऱ्हाईक उभं होतं, या दोनच कारणांनी.

मंगळवार, २५ तारीख

मास्तरांकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. "या, उमेदवार."

माफी मागायची असं घरून ठरवून निघाले होते. दारात उभं राहिल्यावर तोंडातून निघालं, "तुमचा लेफ्ट बॅक अजून मागेच राहतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "त्याचा गुडघा दुखतो. पोराने लपवून ठेवलंय. मला कालच कळलं."

"मला दोन महिन्यांपूर्वीच कळलंय. चड्डीच्या डाव्या पायाला मलमाचा वास येतो."

"मग सांगायचं नाही?"

"मी कपडे धुणारी बाई."

आतून त्यांची बायको म्हणाली, "बसा दोघंही. उभ्याने भांडायला वय राहिलेलं नाही."

बसलो. मी सगळं सांगितलं. हसरा, हितचिंतक, चार चहा. मास्तरांनी ते एकेक करून बोटांवर मोजलं. शेवटी म्हणाले, "नाव आता मतपत्रिकेवर राहणार. काय करता येईल, सांगा."

मला सांगा म्हणाले. मी चहाचा कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. चहा गरम असेल.

म्हटलं, मी त्याच गल्ल्यांमधून पुन्हा फिरते. मला मत देऊ नका म्हणते. यात न कळण्यासारखं काय आहे?

गुरुवार, २७ तारीख

लोकांना सगळं कळतं, सोपं तेवढं कळत नाही.

बेकरीवाला: "मला मत देऊ नका? वा! असं म्हणणारा उमेदवार जन्मात पाहिला नाही. ताई, माझं मत पक्कं तुम्हालाच."

म्हटलं, अरे, मास्तरांना दे.

"बघा, विरोधकाबद्दलसुद्धा चांगलं बोलतात!"

टाकीमागच्या म्हाताऱ्या आजी: "किती नम्र गं बाई. आमच्या सुनेला जरा शिकव."

मग माझं डोकं फिरलं. चाळीत ओरडले, "अक्कल गहाण टाकलीय का तुम्ही? मी मूर्ख बाई आहे, मला फसवून उभं केलंय, मला मत दिलंत तर मैदान जाईल!" वरच्या मजल्यावरून टाळ्या. एक जण म्हणाला, हीच बाई हवी, सभागृहात कुणाला ऐकणार नाही.

आणि मागून ती गाडी. भोंग्यात माझाच आवाज. "इस्त्रीला मत द्या." मी पुढे पळतेय, "देऊ नका!" मागून मीच म्हणतेय, "द्या!" गाडीपुढे आडवी झाले. म्हटलं, बंद कर.

ड्रायव्हर म्हणाला, "ताई, गाडी तुमच्याच प्रचाराची आहे."

"मी सांगतेय ना, बंद कर!"

"मला सांगितलंय, कुणीही सांगितलं तरी बंद करायचं नाही."

तिठ्यावर हे उभे दिसले. एका पुठ्ठ्यावर इस्त्रीचं चित्र काढून त्यावर फुली मारलेली, आणि पुठ्ठा गळ्यात अडकवलेला. न बोलता उभे. चित्र इस्त्रीपेक्षा बोटीसारखं दिसत होतं. म्हटलं, कधीपासून उभे आहात? म्हणाले, "सकाळपासून."

रविवार, ३० तारीख

मतदान. स्वतःचं नाव छापलेलं पहिल्यांदाच पाहिलं. नावाशेजारी इस्त्री. शिक्का मास्तरांवर मारला. हात जरा रेंगाळला. खोटं कशाला लिहू?

मंगळवार, १ तारीख

मोजणी शाळेच्या सभागृहात होती. मी मास्तरांच्या बायकोशेजारी बाकावर बसले. एक अधिकारी फेरीफेरीला आकडे वाचायचा, आवाज असा की गाढ झोपेतून उठवून आणलाय.

इथे एक लिहिते, ते कुणाला सांगणार नाही. दर फेरीला माझं नाव आलं की मला बरं वाटायचं. बावीस. एक्केचाळीस. सदुसष्ट. मनात म्हणायची, नको, नको, आणि आतून कुणीतरी हळूच टाळी वाजवायचं. आपल्याच गोलात बॉल गेल्यावर किक चांगली बसली म्हणून खूश होणारा बॅक मी पाहिलाय, त्याला शिव्या घातल्यात. आता त्याचं दुःख कळलं.

कडक एक हजार एकतीस. मास्तर नऊशे त्रेचाळीस. मी दोनशे चौदा.

मास्तर अठ्ठ्याऐंशी मतांनी पडले. वजाबाकी मला तिथेच बाकावर जमली.

कडक समोरून गेले. थांबून नमस्कार केला. "बाई, आभारी आहे." शर्ट मीच परवा इस्त्री केलेला. कॉलर उत्तम उभी होती. माझ्या कामात खोट नाही.

मास्तरांच्या बायकोने माझा हात धरला नाही आणि झटकलाही नाही. उठून पाण्याचे दोन ग्लास आणले, एक मला दिला. मला ती भांडली असती तर चाललं असतं.

शुक्रवार, ४ तारीख

कुंपणाला नोटीस लागली. सोमवार चौदा तारखेपासून काम सुरू. मुख्य दार सात वाजता बंद होईल. खाली कडकांची सही आणि वर 'खेळाडूंच्या उज्ज्वल भविष्यासाठी'. खेळाडू कुठे उभे राहून उज्ज्वल होणार, ते लिहिलेलं नाही.

टीव्हीवर एक शहाणा सांगत होता, मतदार आता जागरूक झालाय. मी टीव्ही बंद केला. ह्यांनी पुन्हा लावला. मी पुन्हा बंद केला. शेवटी हे म्हणाले, "त्याच्यावर चिडून काय? त्याने कुठे तुला मत दिलंय?"

मी रात्रीचा स्वयंपाक करता करता त्याचाच विचार केला. ज्यांनी दिलं त्यांच्यावर चिडायला हवं.

बुधवार, ९ तारीख

गेले पाच दिवस तेच करतेय. मतदान गुप्त असतं म्हणे. माझ्या काउंटरवर काही गुप्त राहत नाही. कपडे द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "मला मत दिलं होतं?" सगळे हो म्हणतात. त्यांच्या हिशेबाने मला सहाशे मतं पडायला हवी होती. हरलेल्या माणसाला मत दिलं म्हणायला काही लागत नाही.

"मग नको म्हणत असताना दिलंत ना? आता मी सांगते ते करा. सोमवारी सकाळी साडेसहाला मैदानात, मधल्या गोलात येऊन बसायचं. यंत्र आलं तरी उठायचं नाही."

बेकरीवाला: "नक्की ताई. पाव पोचवले की आलोच."

टाकीमागच्या आजी: "मी येते. पण जमिनीवर बसले की मला उठता येत नाही."

म्हटलं, आजी, मला अशीच माणसं हवीत.

सात नंबर जर्सी टाकायला आला होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "मावशी, सोमवारी मला क्लास आहे." त्याची स्वच्छ चड्डी मी न झटकताच परत दिली.

मास्तरांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "किती येतील?"

म्हटलं, सव्वाशे जण हो म्हणालेत.

"बाई, खरं किती?"

"तीस."

रविवार, १३ तारीख

वॉर्डात सगळ्यांना अचानक कामं निघालीत. कुणाच्या सासऱ्याला ताप, कुणाचा नळ गळतो. हसरा चाळीतून फिरून गेला असं कळलं. संकुलातली दुकानं आधी ओळखीच्यांना मिळणार म्हणतो. हसत म्हणाला असेल.

मुलगी म्हणाली, "आई, कुणी आलं नाही तर?"

म्हटलं, मग एकटी बसेन. मनात म्हटलं, बाई गं, तुझा रक्तदाब.

मुलीने माझ्या पिशवीत गोळ्या टाकल्या, पाण्याची बाटली टाकली, ही वही टाकली. मग स्वतःची ओढणीही टाकली. म्हटलं, ती कशाला? म्हणाली, "मीपण येतेय. उद्या लोकांनी दात घरीच मोजावेत."

सोमवार, १४ तारीख

मैदानात बसून लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, गुडघ्यावर वही आहे.

साडेसहाला मी, हे आणि मुलगी. हे घडीची खुर्ची घेऊन आले होते. म्हटलं, धरणं आहे, सहल नाही. खुर्ची मिटवून तिच्यावरच बसले. पावणेसातला मास्तर आणि त्यांची बायको. मग टाकीमागच्या आजी, नातवाच्या खांद्याला धरून. नातू आजीला बसवून निघाला होता, आजीने त्याचा शर्टच सोडला नाही, म्हणून तोही बसला. बेकरीवाला पीठ भरल्या हातांनी आला. मग लेफ्ट बॅक, लंगडत, गुडघ्याला पट्टी बांधून. शेवटी ती घुटमळणारी बाई, जिला आम्ही फोडलं होतं. आल्या आल्या माझ्यावर ओरडली, "तुमच्यामुळे माझा शब्द गेला!" आणि माझ्या मागे येऊन बसली.

दहा झाले. दोनशे चौदापैकी. मी कुंपणाकडे बघत राहिले. सात वाजले. दार बंद झालं.

मास्तर म्हणाले, "दहाच."

म्हटलं, दहा जणांनी शेवटपर्यंत रोखून धरलेले सामने मी पाहिलेत. तुम्हीच खेळवलेत.

यंत्र दुसऱ्या बाजूने आत आलंय. पिवळं. त्याचा पंजा माझ्या दुकानापेक्षा मोठा आहे. चालवणारा खाली उतरला, आमच्याजवळ आला, आजींकडे बघून जरा अवघडला.

"आजी, उठता का?"

"उठता येत नाही रे बाळा."

"किती वेळ बसणार?" त्याने मला विचारलं.

"नव्वद मिनिटं. मग वाढीव वेळ."

तो हसला नाही. फोन कानाला लावून लांब गेला. हो साहेब, हो साहेब म्हणतोय. आमच्याकडे बघतोय, मान हलवतोय. कुंपणापलीकडे माणसं जमायला लागलीत, बघायला. तीच सगळी हो म्हणालेली. बघायला मात्र सगळ्यांना वेळ आहे.

मला भीती वाटतेय. कुणाला दाखवत नाहीये.

तो यंत्रावर परत चढला. इंजिन सुरू झालं. जमिनीतून धडधड वर येतेय, अगदी बसल्या जागी. आजी मोठ्याने म्हणाल्या, "कुणी हलू नका गं."

कुणी हललं नाही. ह्यांनी खुर्ची बाजूला टाकली, खाली गवतावर बसले आणि माझा डावा हात धरला. दुसऱ्या बाजूने मास्तरांच्या बायकोने हात पुढे केलाय. पण माझ्या उजव्या हातात पेन्सिल आहे.

थांबते. दोन्ही हात लागणार आहेत.